स्थानिक म्हणजे नक्की कोण? उद्योगाच्या सवलती, गावाचा वाटा आणि वाचकांची पत्रं

मागच्या अंकात लिहिलं होतं की गावाशेजारी उद्योग आला, सरकारनं त्याला सवलती दिल्या, तर गावाच्या पदरात काय पडलं यावर प्रश्न पाठवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आले. एका काकांचा मेसेज अकरा मिनिटांचा होता, त्यातली नऊ मिनिटं त्यांच्या सरपंचावर होती, ती मी छापत नाहीये. मी स्वतः पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली, ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे उत्तरं जरा दप्तराच्या बाजूनं येतील, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, आमच्या गावाला लागून एमआयडीसीचा नवा टप्पा झालाय. पेपरात आलं की तिथल्या एका मोठ्या कंपनीला सरकारनं भरपूर सवलती मंजूर केल्यात. आमचा रस्ता ट्रकनी खचला, उन्हाळ्यात टँकर आम्हालाच लागतो. त्या सवलतीत गावाचा वाटा किती असतो? ग्रामसेवक म्हणतात आपला काही संबंध नाही. खरंय का? (ग्रामपंचायत सदस्य, छत्रपती संभाजीनगर जिल्हा)

दादा, कागदावर बघितलं तर ग्रामसेवकांचं खरं आहे. त्या योजनेत गावाचा असा वाटाच नाही. अर्धा टक्का पण नाही.

हे कसं चालतं ते आधी बघू, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की सबसिडी म्हणजे मंत्र्यानं चेक दिला. आपल्याकडे सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, १९६४ पासूनची, दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते, २०१९ ची बऱ्याच जणांना माहिती असेल. त्यात तालुक्यांचे गट पाडलेत, अ, ब, क, ड, ड प्लस, शिवाय विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग वेगळे. पुण्या-मुंबईच्या जवळ, जिथे आधीच उद्योग भरपूर आहेत, तिथे सवलत नाही किंवा कमी, आणि जसजसं आत मागास भागात जाल तसतशी जास्त. कंपनी राज्यात माल विकते, त्यावर एसजीएसटी, म्हणजे जीएसटीतला राज्याचा वाटा, भरते, त्याच्या हिशोबानं ठराविक वर्षं सरकार तिला पैसे परत देतं, याला औद्योगिक विकास अनुदान म्हणतात, सोबत वीज शुल्क माफी, मुद्रांक शुल्क माफी, छोट्या युनिटला व्याजात सूट वगैरे. सगळा व्यवहार मुंबई आणि कंपनी यांच्यात, मध्ये जिल्हा उद्योग केंद्र, आणि ग्रामपंचायत कुठेच नाही.

मला यात खटकतं ते असं. कंपनीला सवलत जास्त का मिळाली, तर आपला तालुका मागास म्हणून. रस्ते नाहीत, पाणी नाही, पोरं शिकून बाहेर गेली. म्हणजे मागासपण आपलं आणि त्याचे मार्क कंपनीला! त्या मार्कांतले चार तरी गावाच्या खात्यावर जमा व्हायला हवेत असं म्हणणं म्हणजे उद्योगाला विरोध नव्हे, पण ग्रामसभेत कुणी असं बोललं की लगेच त्याला विरोधक ठरवतात.

आणि असं करणं अशक्य आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना पहाडातली धरणं दाखवा. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात राज्याला १२ टक्के वीज फुकट मिळते, त्यावर आणखी १ टक्का खास त्या भागाच्या स्थानिक विकासासाठी, राज्यानं आपल्या १२ मधला १ टक्का त्यात घालायचा, आणि प्रकल्पबाधित कुटुंबाला महिन्याला १०० युनिट वीज १० वर्षं. हा आकडा आधीच लिहिलेला असतो, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. तसंच आपल्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा, लागू असलेल्या गावांत आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के थेट ग्रामपंचायतीला जातात, म्हणजे थेट गावाला पैसे देण्याची वाट सरकारला माहीत आहे, औद्योगिक सवलतीच्या जीआरमध्ये ती कुणी अजून काढली नाही एवढंच.

आता आजच्या आज काय हातात आहे? घरपट्टी. हसू नका. कारखान्याच्या इमारतींवर ग्रामपंचायतीला कर बसतो, आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये अशी सोय आहे की करांच्या बदल्यात कारखान्याशी करार करून ठोक रक्कम घेता येते. एमआयडीसीच्या हद्दीत हा कर गोळा कुणी करायचा यावर वाद होत आलेत, पण तुमच्या दप्तरात नोंदच चुकीची असेल तर वाद जिंकूनही उपयोग नाही.

एक प्रसंग सांगते, गाव आणि कंपनी दोन्हीची नावं राहू देत. दप्तर तपासणीला गेले होते, नमुना ८ उघडला, म्हणजे कर आकारणीची वही, त्यात कारखान्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं "पत्र्याचे शेड, एक". खिडकीतून समोर बघितलं तर तीन मोठी शेड, कॅन्टीनची दुमजली इमारत आणि पलीकडे चौथ्याचा पाया. वही लिहिली तेव्हा खरंच एक शेड होतं, नंतर कंपनी तीनदा वाढली आणि वहीतली ओळ तशीच, दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते तेव्हा प्रत्येक वेळी आधीची ओळ बघून उतरवलेली. ग्रामसेवक म्हणाला मॅडम आत सोडत नाहीत मोजायला. मी म्हटलं लेखी मागितलंत का? नव्हतं मागितलं. पत्र दिल्यावर आठवड्यात सोडलं, शिपाई आणि दोन सदस्य टेप घेऊन गेले, संध्याकाळी परत आले तेव्हा कपाळावर घाम आणि हातात चार पानं आकडे. मागणी कितीतरी पटीनं वाढली आणि कंपनीनं थोडी कुरकुर करून भरली, कारण त्यांच्या ताळेबंदात तो आकडा चहापाण्याएवढा होता.

तेव्हा तुमचा पहिला अर्ज मंत्रालयात नको, आपल्याच कपाटातली वही काढा. ठोक रकमेचा जुना करार असेल तर तो किती वर्षांचा आहे, रक्कम वाढायची सोय त्यात आहे का, हे बघा. मी बघितलेल्या काही करारांत मुदतच नव्हती, म्हणजे आजोबांनी सही केली आणि नातू तेवढ्याच रकमेची पावती फाडतोय.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांत बसवा, महाराष्ट्राचे नियम तसे आहेत. जिल्हा उद्योग केंद्राकडे मागा: या कंपनीचं पात्रता प्रमाणपत्र कधीचं, मंजूर अनुदान किती, दर वर्षी दिलं किती, त्यासोबतच्या अटी कोणत्या, आणि त्या अटी पाळल्याचा अहवाल. वेगळा अर्ज करून हेही विचारा की मुद्रांक शुल्क माफ झालं तेव्हा त्यासोबत वसूल होणाऱ्या १ टक्का अधिभाराचं काय झालं, कारण तो राज्याचा नसतो, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींचा असतो. हा प्रश्न विचारलेला मी फार कमी वेळा बघितलाय. कंपनीचं व्यापारी गुपित आहे म्हणून नकार आला तर पहिलं अपील टाका, मशीनची डिझाइन गुपित असू शकते, सरकारी तिजोरीतून गेलेली रक्कम कशी असेल?

प्रश्न: मॅडम मी आयटीआय फिटर आहे २०२२ पासआऊट. जीआर आहे ना ८० टक्के स्थानिक घ्यायचे म्हणून, मग आमच्या गावातली पोरं गेटवर का उभी आहेत. एचआरवाले म्हणतात आम्ही ८० च्या वर आहोत. खोटं बोलतात का ते? (वय २४, चाकण परिसर)

बहुतेक खोटं बोलत नसतील, आणि हेच तर दुखणं आहे.

जीआर २००८ सालचा आहे. त्यात पर्यवेक्षक पातळीवर किमान ५० टक्के आणि एकूण ८० टक्के स्थानिक, आणि स्थानिक म्हणजे कोण तर ज्याचं महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य आहे तो. महाराष्ट्रात! तुझ्या गावात नाही, तालुक्यात नाही, जिल्ह्यात पण नाही. तेव्हा नांदेडचा मुलगा स्थानिक, गोंदियाचा स्थानिक, आणि ज्याच्या आजोबाची जमीन त्या शेडखाली गेली तो पण तेवढाच स्थानिक, एक पैसा जास्त नाही. नांदेडच्या मुलावर माझा राग नाही, त्यालाही पोट आहे, पण ज्या शब्दावर गावानं टाळ्या वाजवल्या त्या शब्दाचा अर्थ गावाला कुणी वाचून दाखवला नव्हता.

मग गावापुरतं आरक्षण मागावं का? कायदा करून सरसकट सक्ती केली की कोर्टात काय होतं ते हरियाणात दिसलं. तिथे २०२० चा ७५ टक्के स्थानिकांचा कायदा होता, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. पण सवलतीची अट म्हणून मागणं वेगळं, मला तरी तेच जास्त टिकाऊ वाटतं, कारण सवलत घ्या अशी जबरदस्ती कुणावर नाही, घ्यायची तर अटी पाळा. त्या अटीत "प्रकल्पबाधित गावांतले इतके प्रशिक्षणार्थी दर वर्षी" अशी एक ओळ घालणं जड नाही.

तुझ्यापुरतं सांगते. एक, ॲप्रेंटिसशिप. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, त्यात कंत्राटी कामगार पण मोजतात, पोर्टलवर नोंदणी कर आणि पाच-सहा जणांनी मिळून लेखी विचारा की तुमचे किती भरलेत. दोन, गेटवर उभं राहू नकोस, कारण गेटवरचं काम कंपनी देत नाही, लेबर कॉन्ट्रॅक्टर देतो, आणि तो कोण आहे हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. भंगाराचा ठेका, कॅन्टीन, बस, लेबर सप्लाय, हाच आपल्याकडे गावाला मिळालेला वाटा म्हणून मोजला जातो आणि तो चार घरांत जिरतो, त्या चार घरांच्या गाड्यांवर मागे "भूमिपुत्र" लिहिलेलं असतं. बाकीच्या गावानं त्यांच्याकडे बघून समाधान मानायचं.

प्रश्न: आमच्या बचत गटानं कंपनीकडे सीएसआरमधून मसाला कांडप यंत्र आणि शेड मागितलं होतं. ते म्हणाले बजेट संपलं. नंतर कळलं त्यांनी दुसऱ्या राज्यात मोठं हॉस्पिटल बांधायला पैसे दिले. कायद्यात स्थानिकांना प्राधान्य आहे ना? (बचत गट अध्यक्ष, नाशिक जिल्हा)

ताई, आहे आणि नाही. सीएसआर म्हणजे कंपनीनं आपल्या नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च, कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यापैकी एक गाठलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे, आणि जिथे काम चालतं त्या भागाला प्राधान्य द्यायचं असं लिहिलंय. पण केंद्राच्या कंपनी मंत्रालयानं २०२१ मध्ये खुलासा केला की हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. झालं. शिवाय सीएसआर हा कंपनीच्या नफ्याचा पैसा, सरकारी सवलतीचा नाही, लोक दोन्हीची मिसळ करतात. कंपनी पण हुशारीनं करते, सबसिडीचा विषय निघाला की सीएसआरचा अल्बम दाखवते.

अल्बमवरून आठवलं. एका गावात चौकात हायमास्ट लावला होता, खांबावर कंपनीचं नाव, उद्घाटनाला फेटे, फोटो. सहा महिन्यांनी दिवा बंद. का, तर बिल ग्रामपंचायतीच्या नावावर येत होतं आणि पथदिव्यांची थकबाकी आधीच होती, वीज कापली. खांब अजून उभा आहे, नाव पण, त्याला आता म्हशी बांधतात.

तुमच्या शेडसाठी पुढच्या वेळी अर्ज मार्चमध्ये देऊ नका, तेव्हा खरंच बजेट संपलेलं असतं, वार्षिक आराखडा ठरायच्या आधी द्या, आणि सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. महिला गटाची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह गेली की सीएसआरवाल्या बाईंना वर फाइल पाठवायला बरं पडतं, त्या पण नोकरीच करतात. यंत्राचं वीज बिल कोण भरणार ते अर्जातच लिहा!

प्रश्न: शेतकऱ्याला पैशापेक्षा जमिनीतच वाटा द्या असं सगळे म्हणतात. आमच्याकडे साडेबारा टक्के मिळाले. पण आज बघितलं तर प्लॉटवर टॉवर बिल्डरचा आणि आमचा पोरगा तिथे वॉचमन. मग हा वाटा चांगला की वाईट? (उरण)

तुमच्या भागाला मी काय शिकवणार. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान भागात आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांनी तो लढा लढवला तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत हे तत्त्व सरकारनं मानलं. पुढे विमानतळाला ते साडेबावीसवर गेलं. संभाजीनगरजवळच्या बिडकीन-शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या लोकांना १५ टक्के मिळाले ते तुमच्याच लढ्याच्या पुण्याईवर, हे तिकडे फारसं कुणी सांगत नाही.

वाटा चांगलाच होता हो. गडबड झाली ती वेळेची. जमीन गेली तेव्हा आणि भूखंड हातात आला तेव्हा यात वर्षंच्या वर्षं, मधल्या काळात घरात लग्नं, आजारपण, वारसांची भांडणं, आणि दारात बिल्डरचा माणूस कोरे कागद घेऊन. प्लॉटचा ताबा मिळायच्या आधी हक्क विकले गेले. ज्याला आजचा खर्च भागवायचा आहे त्याला दहा वर्षांनंतरचा प्लॉट म्हणजे भिंतीवरचं चित्र.

याउलट पुण्यात मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त जमीन एकत्र केली, स्वतःच कंपनी काढली आणि भागीदार राहिले. पण ते सगळीकडे जमेल असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. एकाच आडनावाची, नात्यातली माणसं, हडपसरच्या दारातली जागा, शहर स्वतः चालत आलेलं. जालन्याच्या आत कुठे तसं करायला गेलात तर सोसायटी होईल, शहर येणार नाही.

माझं मत विचाराल तर भूखंडासोबत दर वर्षी थोडी का होईना ठरलेली रक्कम मिळायला हवी, म्हणजे माणूस तग धरतो आणि विकायची घाई करत नाही. आणि सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, बहिणींच्या पण. नंतर कोर्टात जायचंच असेल तर वेगळी गोष्ट.

प्रश्न: आमच्याकडे कोळसा खाण आहे. खनिज निधी म्हणून जिल्ह्याला खूप पैसा येतो म्हणतात, पण खाणीपासून तीन किलोमीटरवर आमच्या गावात आरओचं पाणी पण नाही. (चंद्रपूर जिल्हा)

तुम्ही या सगळ्या पत्रांत नशीबवान आहात, कारण तुमच्या बाजूनं लिहिलेला कायदा आहे! २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीवर ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांवर १० टक्के इतकी जादा रक्कम खाणवाल्यानं त्यात भरायची, आणि ती खाणबाधित भागातच खर्च करायची. २०२४ च्या सुधारित सूचनांप्रमाणे खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतला भाग प्रत्यक्ष बाधित धरतात आणि ७० टक्के रक्कम पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा गोष्टींवरच लावायची. तुम्ही तीन किलोमीटरवर आहात म्हणजे रांगेत पहिले.

पण रांगेत उभं राहून होत नाही. बाधित गावांच्या यादीत तुमचं नाव आहे का ते आधी बघा, खनिकर्म शाखेत यादी असते. मग पाण्याचा ठराव ग्रामसभेत घ्या, नुसता "पाणी द्यावे" असा नको, किती कुटुंबं, आत्ता पाणी कुठून, त्याचा लॅब रिपोर्ट काय, टाकीची जागा कुठली. जिल्ह्यातल्या मोठ्या शहरात चकाचक काहीतरी बांधायला हा निधी वळवायचा मोह सगळ्यांना होतो, त्याच्यासमोर लॅब रिपोर्ट जोडलेला ठराव असला की नाही म्हणणाऱ्याला जरा जड जातं.

प्रश्न: मी मूळची साताऱ्याची, आता एडिसनला. इकडे न्यू जर्सीत टाऊन, म्हणजे इथली नगरपालिका, बिल्डरला प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट देतं आणि त्याऐवजी पायलट नावाची रक्कम घेतं. शाळेच्या मीटिंगमध्ये यावर रोज भांडणं. हे तुमच्या ग्रामपंचायतीच्या ठोक रकमेसारखंच ना?

अगदी सख्खी भावंडं! कराऐवजी रक्कम, नाव वेगळं. गंमत म्हणजे वाटपाची भांडणं पण तीच. तुमच्याकडच्या दीर्घ मुदतीच्या करसवलतीच्या कायद्यात पायलटच्या रकमेतले ९५ टक्के टाऊनकडे राहतात आणि ५ टक्के काउंटीला, म्हणजे तुमच्या जिल्ह्याला, शाळेला मात्र द्यायलाच हवेत असं बंधन नाही. साध्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये निम्म्याच्या आसपास पैसा शाळांचा असतो. म्हणजे नव्या टॉवरमध्ये मुलं राहायला येणार, शाळेत येणार, आणि त्या टॉवरकडून शाळेला थेट काही नाही, असं तीस वर्षांपर्यंत चालू शकतं. मीटिंगमध्ये आवाज चढणारच. काही टाऊन स्वतःहून करार करून शाळेला वाटा देतात, तेव्हा तुमच्या मीटिंगमध्ये तेवढं एक मागा, करारावर सही व्हायच्या आधी, नंतर कुणी ऐकत नाही.

आणि तुमच्या देशातलं एक उदाहरण मला फार आवडतं, वरच्या चाकणच्या मुलासाठी सांगते. लॉस एंजेलिसमध्ये स्टेपल्स सेंटर स्टेडियमच्या बाजूला २००१ मध्ये मोठा हॉटेल-करमणूक प्रकल्प येणार होता, सरकारी मदत घेऊन. आसपासच्या भाडेकरूंनी आणि संघटनांनी बिल्डरशी थेट करार केला, नोकऱ्यांपैकी ५० टक्के स्थानिकांना द्यायचं उद्दिष्ट, २० टक्के घरं परवडणारी, बागांसाठी पैसे. आणि स्थानिक म्हणजे कोण हे पण लिहिलं, आधी स्टेडियममुळे विस्थापित झालेले, मग तीन मैलांच्या आत राहणारे, मग शहरातल्या गरीब वस्त्यांतले. तीन मैल कुठे आणि आपलं अख्खं महाराष्ट्र कुठे!

प्रश्न: कंपनी मंदिराचा सभामंडप बांधून देते म्हणतेय, त्याबदल्यात नाल्याकडच्या रस्त्याचा ठराव मागतेय. गावात दोन तट पडलेत. घ्यावा का? (सोलापूर जिल्हा)

सभामंडप घ्यायचा तर गावानं वर्गणीतून बांधावा, तो जास्त शोभेल. मंदिर बांधणं सीएसआरच्या यादीत बसत नाही, म्हणजे कंपनी तो खर्च भलत्याच खात्यावर टाकणार आणि उद्या नवीन मॅनेजर आला की म्हणणार असं काही ठरलंच नव्हतं. रस्त्याचा ठराव मात्र कायमचा राहतो, तो तुमच्या इतिवृत्तात लिहिलेला असतो, सभामंडप कुठेच लिहिलेला नसतो. आधी त्या रस्त्याचा नकाशा मागवा, नाल्याची रुंदी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजून घ्या आणि विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या, मासिक सभेत सहा जणांत उरकू नका. नाल्यात जे सोडलं जाईल ते खालच्या वाडीला लागतं, त्या वाडीतल्या बायकांना त्या सभेला बोलवा.